माळ्यावरचा लेहरा

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या भाईंदरच्या जुन्या घराचा माळा रिकामा केला. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चालली आहे (मीरा-भाईंदरमध्ये हल्ली कुणाची नाही?) आणि आईने अल्टिमेटम दिलं होतं: रविवारपर्यंत तुझं काय असेल ते मीरा रोडला घेऊन जा, बाकी सगळं भंगारवाल्याला. पितळेची घंगाळं, गणपतीची मखरं, माझी इंजिनिअरिंगची पुस्तकं... आणि एक बुटाचा खोका. त्यावर मामाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं, 'संगणक. फेकू नये.'

मामा लग्न होईपर्यंत आमच्याकडेच राहायचा. दिवसा नोकरी, संध्याकाळी तबल्याचा क्लास, आणि रात्री टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर. त्यामुळे आमच्याकडे नऊनंतर टीव्ही बघायची चोरी होती, हे आई अजून ऐकवते. खोक्यात अकरा कॅसेट आणि एक दोनशेपानी वही निघाली. कॅसेटवर गाण्यांची नावं नव्हती. लिहिलं होतं, 'लेहरा, तीनताल, चंद्रकंस', 'लेहरा, झपताल', 'ठेका, ७ ताल'. पहिली कॅसेट लावली तर आतून आधी एक सलग शिट्टी आणि मग किर्रर्रर्र. बायकोने दुसऱ्या खोलीतून विचारलं, "पंखा बिघडला का?"

आता ज्यांचा जन्म १९९० नंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. १९८२ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीने 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा घरगुती कॉम्प्युटर काढला. रबरी बटणं, झेड-८० प्रोसेसर, मोठ्या मॉडेलमध्ये ४८ किलोबाइट मेमरी. मॉनिटर म्हणजे घरचा टीव्ही, आणि हार्ड डिस्क म्हणजे घरचा टेपरेकॉर्डर. भारतात १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन तोच 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकला. काही हजार मशीन खपली आणि १९९० च्या सुमारास बाजार संपला. मामाकडे होता तो हाच. त्याच काळात सरकारच्या 'क्लास' योजनेतून सुमारे २५० शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर पोचले होते, त्यात तीन सूर आणि एक खरखर काढणारी वेगळी साउंड चिप होती. स्पेक्ट्रमकडे तसलं काही नव्हतं. एक छोटा स्पीकर, आणि तो प्रोसेसरने स्वतः चालू-बंद, चालू-बंद करायचा. जितक्या वेगाने करेल तितका सूर वर. सूर वाजत असताना प्रोसेसर दुसरं काहीही करू शकत नाही. म्हणजे एका वेळी एकच सूर, मागे तानपुरा वगैरे विसरा. (मशीन कोडमध्ये चलाखी करून त्याच स्पीकरमधून अनेक सूर एकत्र असल्याचा भास करून देणारे महाभाग होते. टिम फॉलिन या इंग्लिश पोराने १९८७ च्या 'क्रोनोस' या गेमला दिलेलं संगीत आजही ऐकून बघा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.)

मामाला अनेक सूर नकोच होते. त्याला हवा होता लेहरा. तबला सोलो वाजवताना समोर कुणीतरी हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एकच सुरावट आवर्तनामागून आवर्तन वाजवत राहतो, तो लेहरा. तीनतालात सोळा मात्रांची सुरावट, पुन्हा पुन्हा, तासभर. हे काम किती कंटाळवाणं असतं ते करणाऱ्यालाच विचारा. क्लासमधल्या चार पोरांनी आळीपाळीने पेटी धरायची आणि ज्याची पाळी असेल त्याचा रियाज बुडायचा. १९७९ च्या सुमारास बंगळूरच्या जी. राज नारायण या इंजिनिअर-बासरीवादकाने इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी बनवली होती आणि अशी यंत्रं हळूहळू येऊ लागली होती, पण ती विकत घ्यावी लागत. मामाकडे कॉम्प्युटर होता, आणि कॉम्प्युटर कंटाळत नाही. त्याने प्रोग्रॅम लिहिला, चालला, क्लासमधल्या दोघांना कॅसेटवर कॉपी करून दिला. मग पश्चिम रेल्वेवर कुठे कुठे स्पेक्ट्रम असलेले तबलजी आहेत याचा शोध लागत गेला (आकडा एका हाताच्या बोटांच्या फार पुढे गेला नाही) आणि बोरिवली स्टेशनच्या पुलावर कॅसेटची देवाणघेवाण सुरू झाली. पैसे नाहीत. रिकामी कॅसेट आण, भरलेली घेऊन जा.

तर ही कॅसेट चालवायची असा मी शनिवारी सकाळी चंग बांधला. जुना वॉकमन काढला, लॅपटॉपला जोडला, किर्रर्र रेकॉर्ड केलं आणि एम्युलेटरला खायला घातलं. पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावल्या, प्रोग्रॅमचं नाव उमटलं, माझा श्वास वर, आणि मग 'आर टेप लोडिंग एरर'. चाळीस वर्षांपूर्वी ज्या पोरांनी हे वाक्य बघितलं असेल त्यांना अजून स्वप्नात दिसत असणार.

गंमत बघा. गाण्याची कॅसेट जुनी झाली की आवाज थोडा बसतो, खरखर येते, पण लताबाई ओळखू येतात. प्रोग्रॅमच्या कॅसेटचं तसं नाही. प्रत्येक शून्य आणि एक हा वेगवेगळ्या लांबीचा सूर असतो, आणि प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट. हजारोंमधला एक बिट जरी चुकला तरी हिशेब जुळत नाही आणि मशीन सगळंच नाकारतं. कॉपीची कॉपी काढली की आवाजाची धार जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीला कॅसेट बंद. वाटायची इच्छा कितीही असली तरी ही टेप तुम्हाला फार लांब जाऊ देत नसे. मी हेडचा स्क्रू फिरवून बघितला, आवाज वाढवून बघितला, ग्राफमध्ये घुसून हाताने बिट मोजायचाही प्रयत्न केला. अकरापैकी एकही कॅसेट लोड झाली नाही.

मग वही उघडली. आणि वहीत सगळं होतं! ओळीन् ओळ, निळ्या शाईत, मामाने प्रोग्रॅम हाताने उतरवून ठेवला होता. बरोबर आहे, ज्याच्याकडे कॉपी पोचून लोड झाली नाही त्याला तो फोनवर वाचून दाखवायचा. मी ती पाच पानं तासाभरात टाइप केली.

प्रोग्रॅम अगदी साधा आहे. सोळा सुरांची यादी, ती वाचत जायची आणि 'बीप' या आज्ञेने वाजवायची. बीपला दोन आकडे द्यायचे. पहिला किती सेकंद, दुसरा कोणता सूर. मधला 'सी' म्हणजे शून्य, प्रत्येक अर्धस्वराला एक मिळवायचा. पाश्चात्त्य पेटीवर कोमल गंधार ३, शुद्ध गंधार ४, पंचम ७. पण या आज्ञेला अपूर्णांकही चालतात, आणि का चालतात ते स्पेक्ट्रमच्या मूळ मॅन्युअलमध्येच लिहिलंय. स्टीव्हन व्हिकर्सने लिहिलेल्या त्या पुस्तकात बीपच्या प्रकरणात चक्क भारतीय संगीताचा उल्लेख आहे. तिथे अर्धस्वराहून लहान अंतरं लागतात, तेव्हा खुशाल दशांश वापरा, अशा अर्थाचा. केंब्रिजमधल्या कंपनीच्या रबरी बटणांच्या मशीनने श्रुतींची सोय करून ठेवली होती, आणि भाईंदरमध्ये एका माणसाने ती वापरली!

मामाने दशांश वापरले होते. मध्यम ४.९८. निषाद १०.८८. दोन्ही बरोबर. मध्यम म्हणजे षड्जाच्या ४/३, निषाद १५/८, गणित मांडलं की हेच आकडे येतात. वेळेचं कामही चोख. बेसिकला पुढची ओळ वाचायला लागणारा वेळ त्याने प्रत्येक मात्रेतून वजा केला होता, नाहीतर लय ढिली पडते. पण कोमल गंधार होता २.९४. मी कॅल्क्युलेटर काढला. कोमल गंधाराचं सर्वांच्या तोंडी असलेलं गुणोत्तर ६/५, म्हणजे ३.१६. म्हटलं, फोनवर वाचताना आकडा घसरला असेल. ३.१६ केला, एम्युलेटरवर दोन मिनिटं वाजवून रेकॉर्ड केलं आणि मामाला व्हॉट्सॲप केलं. दोन निळ्या टिका आल्या नाहीत. मामा दहाला झोपतो.

मला झोप येईना. डोक्यात एकच: त्याच काळात आपल्याकडे आणखी कुणी कॉम्प्युटरला तबला शिकवत होतं का? होतं की! आणि गोष्ट आपल्या विरार लोकलने चर्चगेटला उतरून चालत जाण्याच्या अंतरापर्यंत येते.

१९८१ मध्ये जेम्स किपन नावाचा एक तरुण इंग्रज संशोधक लखनौला आला. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत तो जॉन ब्लॅकिंगचा विद्यार्थी, आणि इथे शागीर्द झाला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांचा. आफाक हुसेन म्हणजे तेव्हाचे लखनौ घराण्याचे खलिफा. साधारण त्याच काळात बर्नार बेल हा फ्रेंच इंजिनिअर भारतात सुरांवर काम करत होता. जेम्स आर्नल्डबरोबर त्याने 'श्रुती हार्मोनियम' बनवलं होतं, प्रत्येक सूर हवा तितका वर-खाली लावता येईल अशी इलेक्ट्रॉनिक पेटी. पेटीवर आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी घातली होती ती ती श्रुती दाखवू शकत नाही या कारणाने, हे आठवलं की या प्रयोगाची गंमत कळते. (आपल्या नाट्यसंगीताने तोवर पेटीला मांडीवर बसवून घेतलं होतं हा भाग वेगळा.) त्या कामाचा लेख १९८३ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीएच्या त्रैमासिकात आला. ८० च्या दशकात एनसीपीए हे या सगळ्या मोजमापांचं एक ठिकाणच झालं होतं.

किपनची अडचण सुरांची नव्हती, बोलांची होती. तबला शिकवला जातो तोंडी. धा, तिरकिट, गे, ना, प्रत्येक आघाताला एक अक्षर. वाजवायच्या आधी म्हणायचं. त्याला हे शेकडो बोल उतरवून घ्यायचे होते, भराभर. बेलने त्याच्यासाठी एक वर्ड प्रोसेसर लिहिला. एक बटण दाबलं की अख्खा बोल उमटणार. (स्पेक्ट्रमवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही एका बटणात 'प्रिंट' हा अख्खा शब्द यायचा.) नाव ठेवलं 'बोल प्रोसेसर'. मशीन होतं ॲपल टू-सी. १९८४ ला आलेलं, मागे हँडल असलेलं, साडेतीन किलोच्या आतलं, म्हणजे उचलून उस्तादांच्या घरी नेता येईल असं. प्रोसेसर ६५सी०२, एका वेळी ६४ किलोबाइटच बघू शकणारा. प्रोग्रॅम लिहिला थेट मशीन कोडमध्ये.

आणि मग दोघांना सुचलं की बोल नुसते उतरवायचे कशाला, मशीनला ते रचताही आले पाहिजेत.

तबल्यात 'कायदा' नावाचा प्रकार असतो. एक मूळ मुखडा असतो आणि त्यातलेच बोल घेऊन, बाहेरचं काही न आणता, विस्तार करायचा. काय चालतं आणि काय नाही याचे नियम असतात, म्हणून कायदा. पण ते नियम कुठे लिहिलेले नसतात. उस्ताद वाजवतो, शागीर्द वाजवतो, चुकलं की उस्ताद मान हलवतो. किपन आणि बेल यांनी ठरवलं की हे नियम व्याकरणासारखे मांडायचे, भाषाशास्त्रातलं चॉम्स्कीचं प्रजनक व्याकरण असतं तसे. या तुकड्याच्या जागी हे दोन तुकडे येऊ शकतात, याच्या जागी हे तीन. त्यात तबल्याची एक खास सोय केली. कायद्याच्या उत्तरार्धात खाली येते, म्हणजे डग्ग्याचा घुमारा काढून घ्यायचा: धा चा ता, धी चा ती, गे चा के. त्यासाठी एक खूण ठेवली, ती लावली की पुढचा अख्खा तुकडा आपोआप 'खाली' होतो. प्रोग्रॅमर मंडळींना मी सांगायला नको, पण ही फार सुंदर कल्पना आहे. तबलजींनी शतकांपूर्वी एक फंक्शन लिहून ठेवलं होतं, यांनी त्याला चिन्ह दिलं.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. मशीन नियमांवरून नवा विस्तार रचायचं. आवाज नाही, फक्त पडद्यावर बोल. ते मोठ्याने म्हणून दाखवायचे आणि उस्तादांनी निकाल द्यायचा, हे चालेल की नाही. नाही म्हणाले की व्याकरण दुरुस्त करायचं आणि परत. उलटंही चालायचं. उस्तादांनी स्वतः रचलेला विस्तार मशीनला द्यायचा आणि विचारायचं, तुझ्या नियमांत हा बसतो का? नाही बसला तर चूक उस्तादांची नाही, मशीनची. (आपल्या ऑफिसात युझरने बग दाखवला की आपण काय करतो हे आठवून मी जरा ओशाळलो.) पुढे नियमांना वजनंही दिली, कुठला नियम जास्त वेळा लागतो, कुठला क्वचित. आज आपण ज्याला ट्रेनिंग डेटा म्हणतो ते तेव्हा एका खोलीत बसलेले एक उस्ताद होते. १९८९ मध्ये त्यांनी याच्या पुढची पायरी छापली, स्वतः उदाहरणांवरून नियम शोधणारी आणि शंका आली की विचारणारी प्रणाली. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून तिचं नाव ठेवलं 'कवाईद'. अरबीत कायदा एक, कवाईद अनेक. आपली शाळेतली कवायत तीच बरं का. तबल्याचा कायदा, कोर्टाचा कायदा आणि पी.टी.च्या तासाची कवायत, तिघी एकाच घरच्या.

आता यात काय विशेष, असं वाटणाऱ्यांसाठी एक जुनी कथा. लखनौच्या बख्शू खाँ यांनी मुलीच्या लग्नात जावई हाजी विलायत अली यांना हुंडा म्हणून गती दिल्या, असं तबल्याच्या जगात सांगतात. सोनं नाही, जमीन नाही, बंदिशी. किती, ते सांगणाऱ्यागणिक बदलतं, कुणी बारा म्हणतं, कुणी पाचशे. पुढे त्या जावयाचं फर्रुखाबाद घराणं झालं. कथा शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यावर विश्वास बसतो यातच सगळं आलं. बंदिश ही घरातली ठेव. बाहेरच्या शागीर्दाला वर्षानुवर्षं सेवा करून एखादी मिळायची. त्याच लखनौ घराण्याचे खलिफा एका परदेशी शागीर्दासमोर बसून एका मशीनला सांगत होते, हे बरोबर, हे नाही. १९८८ मध्ये किपनचं लखनौच्या तबल्यावरचं पुस्तक केंब्रिजने छापलं. १९९० मध्ये आफाक हुसेन गेले.

मला हे वाचताना एक प्रश्न सारखा टोचत होता. त्यांनी मशीनला नेमकं काय दिलं? बंदिशी तर दिल्याच, पण बंदिशी टेपवरही देता आल्या असत्या. त्यांनी दिला तो नकार. कुठला विस्तार नियमात बसूनही वाजवायच्या लायकीचा नाही, हे सांगणं. ते फाइलमध्ये थोडंफार उतरलंय, वजनांच्या आकड्यांत. पण आकडा बघणाऱ्याला कसं कळणार की इथे एका म्हाताऱ्या माणसाने मान हलवली होती?

असो. बोल प्रोसेसर पुढे मॅकिंटॉशवर गेला, नव्याने लिहिला गेला, आणि आता तो मिडी वापरून खरोखर वाजू लागला. तबल्यापुरता न राहता कुठल्याही संगीताची व्याकरणं त्यात लिहिता येऊ लागली. बेलने तो शेअरवेअर म्हणून वाटला, नंतर सोर्स कोडच खुला केला. ऑक्टोबर १९९४ मध्ये एनसीपीएमध्ये आंद्रेईन बेल यांची एक नृत्यरचना झाली, संगीत बोल प्रोसेसरचं, आणि नाव 'क्रोनोस'. टिम फॉलिनच्या गेमशी काही संबंध नाही, पण रात्री दीडला हे वाचून मी एकटाच हसलो.

बेलचं नाव तुम्ही कदाचित दुसरीकडे ऐकलं असेल. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्यांचा डेटाबेस आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण यात हाच माणूस होता. २०१७ पासून 'पारी'वर त्या ओव्या ऐकायला मिळतात. लखनौच्या खलिफांचे बोल आणि मुळशीच्या बायांच्या ओव्या एकाच इंजिनिअरच्या हातून कॉम्प्युटरवर चढल्या, हा योगायोग मला फार मोठा वाटतो. यावर वेगळा लेख लिहायला हवा.

आज बोल प्रोसेसरची तिसरी आवृत्ती मॅक, विंडोज, लिनक्स, सगळीकडे चालते, फुकट. मी रविवारी पहाटे उतरवून घेतली. नमुन्याच्या फाइलींमध्ये ८० च्या दशकातली तबल्याची व्याकरणं अजून आहेत. एकीचं नाव 'धाती'. उघडली तर साधा मजकूर. ॲपल टू-सी गेला, त्याच्या फ्लॉप्या गेल्या, जुने मॅक गेले, पण बोल आधीपासूनच अक्षरं होती, त्यामुळे फाइल उघडायला कुणाची परवानगी लागली नाही. शेजारीच मामाची वही पडली होती.

साडेसातला फोन वाजला. मामा.

"काय रे, रात्रभर जागलास वाटतं."

"ऐकलास का? चालला की नाही तुझा लेहरा?"

"चालला. पण गंधार कुणाचा आहे?"

"म्हणजे?"

"गंधार चढलाय. हा माझा नाही."

मंडळी, मामाचं वय आता बहात्तर. उजव्या हाताची बोटं संधिवाताने आखडलीयेत, चार वर्षांत तबल्याला हात लावलेला नाही. फोनच्या दीड सेंटिमीटरच्या स्पीकरवर, स्पेक्ट्रमच्या त्या पिपाणीसारख्या आवाजात त्याने ०.२२ चा फरक पकडला. मी आधी थोडी वकिली केली. म्हटलं ६/५ हे गुणोत्तर आहे, सगळ्या पुस्तकांत आहे, तुझ्या वहीत चूक झालीय.

"धैवत किती लिहिलाय बघ," तो म्हणाला.

बघितला. ७.९२. मध्यम ४.९८ आणि गंधार २.९४ यांची बेरीज करा. ७.९२. त्याचा धैवत त्याच्या गंधारापासून बरोबर मध्यमाच्या अंतरावर होता, सा पासून म जितका लांब तितकाच ग पासून ध. दोघांचा संवाद जुळलेला. मी फक्त गंधार उचलला आणि धैवताला तिथेच ठेवला, म्हणजे दोघांची फारकत करून दिली. वहीत चूक नव्हती, चूक माझ्या पुस्तकी शहाणपणाची होती. मी विचारलं, हे गणित तू तेव्हा केलं होतंस? म्हणाला, गणित कसलं, गुरुजींच्या पेटीवर त्यांनी तो सूर कानसने घासून उतरवून घेतला होता, मी तो ऐकत ऐकत आकडा खाली आणत गेलो. तीन, दोन पॉइंट नऊ आठ, असं करत. थांबलो तिथे थांबलो.

मग त्याने एक गोष्ट सांगितली जी घरात कुणालाच माहीत नव्हती. १९८८-८९ च्या आसपास मुंबईतल्या एका दुकानात त्याला तबल्याच्या प्रोग्रॅमची विकाऊ कॅसेट दिसली. घरी आणून लावली तर त्याचाच लेहरा. पहिल्या ओळीतलं त्याचं आणि गुरुजींचं नाव काढून टाकलेलं.

"चिडला असशील."

"नावाचं काही नाही रे. मी तरी कुठे पैसे घेत होतो. पण त्यांनी सगळे आकडे पूर्ण करून टाकले होते. तीन, पाच, आठ, अकरा. कुणीतरी दशांश बघितले असतील, म्हटलं असेल हे काय गचाळ लिहिलंय, आणि साफ केलं. त्यानंतर मी वाटणं बंद केलं."

मी काही बोललो नाही. काल रात्री मी वेगळं काय केलं होतं? फक्त माझ्याकडे कॅल्क्युलेटर चांगला होता.

गंधार २.९४ केला. पहिल्या ओळीत दोन्ही नावं परत टाकली आणि खाली एक ओळ वाढवली, की हे दशांश गुरुजींच्या पेटीवरून कानाने लावलेले आहेत, कृपया सरळ करू नयेत. प्रोग्रॅमला त्या ओळीचा काही उपयोग नाही, तो अशी ओळ वाचतच नाही. मामाला विचारलं, आता हे ठेवू का नेटवर, कुणाला हवं तर घेईल. थोडा वेळ गप्प बसला.

"आधी परत पाठव. ऐकतो."

पाठवलं. दहा मिनिटांनी फोन.

"गंधार बरोबर. पण लय अजून जरा खाली घे. आणि झपतालाची पानं पण आहेत ना त्या वहीत?"